दूरचित्रवाणी खेळांचे संगणकीय चित्रमुद्रण : एक इतिहाससाधन

प्रास्ताविक : अहमदनगर ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाची स्थापना १९६० साली झाली. जुने कागद व वस्तू जपण्याची परंपरा आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अशी दीर्घ आहे. तथापि १९९०च्या दशकात महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत आलेला ‘टीव्ही गेम’ इतिहाससाधन म्हणून क्वचितच विचारात घेतला जातो. यंत्र जपले तरी खेळ जपला जात नाही. तो पडद्यावर चालू असतानाच टिपावा लागतो. हे चित्रमुद्रण तांत्रिक काम नसून साधनचिकित्सेचा भाग आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पार्श्वभूमी : निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ हे यंत्र विक्रीस आणले. भारतात त्याच्या नकला ‘लिटल मास्टर’सारख्या नावांनी विकल्या गेल्या. जपान व अमेरिकेत पडद्यावर सेकंदाला सुमारे ६० चित्रे उमटत. भारतातील ‘पाल’ पद्धतीत ५०. बहुतेक खेळांची गती या चित्रसंख्येवर अवलंबून असल्याने, ६० चित्रांसाठी रचलेला खेळ ‘पाल’ यंत्रावर सुमारे एक षष्ठांशाने मंद चाले. म्हणून परदेशी मुद्रणे आपल्याकडील अनुभवाचा पुरावा ठरू शकत नाहीत.

मुद्रणपद्धती : यंत्राचा संकेत अँटेनाच्या वायरीतून येत असल्यास तो प्रथम व्हीसीआरमधून घ्यावा व तेथून कॅप्चर कार्डाद्वारे संगणकात आणावा. २०१२ साली प्रथम प्रकाशित झालेले ‘ओबीएस’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर यासाठी पुरेसे आहे. त्यात ‘पाल’ पद्धती, ७२० × ५७६ हा आकार व सेकंदाला ५० चित्रे निवडावीत. ‘डीइंटरलेसिंग’मधील ‘रेट्रो’ हा पर्याय प्रत्येक अर्धचित्र स्वतंत्रपणे दाखवितो. मुद्रण ‘एमकेव्ही’ स्वरूपात करावे. मध्येच वीज गेल्यास सामान्य ‘एमपी४’ फाइल निरुपयोगी होण्याचा धोका असतो, ‘एमकेव्ही’तील तोवरचा भाग मात्र वाचतो. भारनियमन अनुभवलेल्या जिल्ह्यात याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

चिकित्सा : फॅमिकॉम एका आडव्या रेषेत आठच हलत्या आकृती दाखवू शकते. आकृती वाढल्यास अनेक खेळ त्यांना आलटून पालटून दाखवितात. प्रेक्षकाला त्या लुकलुकताना दिसतात. सेकंदाला २५च चित्रे टिपल्यास एकाआड एक चित्र गळते व एखादी आकृती मुद्रणातून पूर्णतः नाहीशी होऊ शकते. खेळणाऱ्याने पाहिलेला शत्रू पुराव्यात उरत नाही. नक्कलकाराने मोडी कागदातील एकाआड एक ओळ गाळावी, असाच हा प्रकार होय.

समारोप : प्रत्येक मुद्रणासोबत यंत्राचे नाव, जोडणीचा मार्ग, चित्रसंख्या व निवडलेले पर्याय यांची नोंद ठेवणे आवश्यक आहे. नोंदीविना मुद्रण हे अवतरणाविना पुराव्यासारखे आहे. यंत्रे चालू आहेत तोवरच हे काम शक्य असून, महाविद्यालयांच्या इतिहास व संगणकशास्त्र विभागांनी ते संयुक्तपणे हाती घ्यावे.