धुराचा धनी कोण ?

पनवेल हें रस्त्यांचें गांव. बोरघाट उतरून येणारी पुण्याची वाट आणि कोंकणांत जाणारी वाट पळस्प्यास मिळतात, व दोहोंवरील मालमोटारींचा धूर गांवाच्या वांट्यास येतो. येथील नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे मोटारीहून जुनी. पण या धुरापुढें तिचें कांहीं चाललें नाहीं. सत्ता होती ती प्रांताची, आणि पुढें दिल्लीची. ती एका हातांतून दुसऱ्या हातांत कशी गेली, तें आम्ही येथें सांगणार आहों.

१९१२ चा मुंबईचा धूर-उपद्रव कायदा भट्ट्यांच्या धुराड्यांपुरता होता. मोटारींचा कायदा हिंदुस्थान सरकारनें १९१४ सालीं केला, तरी नियम करण्याचें काम प्रांतिक सरकारांवरच सोंपविलें. १९३५ च्या कायद्यानें यंत्रबळावर चालणारीं वाहनें समवर्ती सूचींत घातलीं, म्हणजे विषय दोघांचा झाला. घटनेनेंही पुढें तीच व्यवस्था ठेविली. मधल्या काळांत, १९३९ च्या मोटार-कायद्याच्या ७० व्या कलमानें, गाडीनें धूर, दिसणारी वाफ, ठिणग्या, राख व तेल बाहेर टाकण्याविषयीं नियम करण्याचा अधिकार प्रांतांस मिळाला. ठिणग्या आणि राख ! कायदा लिहिणाराच्या डोळ्यांपुढें मोटारीपेक्षां आगगाडीचें एंजिनच उभें असावें. डोळ्यांस न दिसणाऱ्या विषारी वायूचें नांव त्या यादींत नाहीं.

१९८१ च्या वायुप्रदूषण कायद्यानें ही उणीव भरून काढली. मोटारींच्या धुराच्या मर्यादा राज्याच्या मंडळानें केंद्रीय मंडळाच्या सल्ल्यानें ठरवाव्या, आणि राज्य सरकारनें नोंदणी-अधिकाऱ्यांकडून त्या पाळवून घ्याव्या, अशी योजना झाली. परंतु सात वर्षांतच नवा मोटार-कायदा आला. त्याच्या ११० व्या कलमांत जुनी धूर-ठिणग्यांची यादी जशीच्या तशी उतरली, तिला प्रदूषक वायूंच्या मर्यादांची जोड मिळाली, आणि नियम करणारा मात्र बदलला. राज्याच्या जागीं केंद्र आलें ! राज्यास उरलें तें १११ वें कलम, म्हणजे केंद्राच्या पानांतून सांडेल तेवढें.

दिल्लीनें हक्क हिरावला असें म्हणणें सोपें आहे. आम्हांस तें पुरतें पटत नाहीं. चिंचवडला तयार होणारी गाडी साऱ्या देशांत विकावयाची असते. प्रत्येक राज्यानें निराळें एंजिन मागितलें तर कारखानदारानें काय करावें? अमेरिकेंत मात्र कॅलिफोर्नियानें संघसरकारच्या आधींच मर्यादा घातल्या होत्या, म्हणून १९६७ च्या कायद्यानें त्या एका राज्यास अधिक कडक नियमांची परवानगी मागण्याची मुभा ठेविली. २०२५ सालीं तेथील काँग्रेसनें अशा कांहीं परवानग्या रद्द केल्या. आपल्याकडे असा कोणी आग्रही प्रांत निघाला नाहीं. कडक मर्यादा लौकर याव्या म्हणून १९९९ सालीं सर्वोच्च न्यायालयास हुकूम द्यावा लागला, आणि तोही राजधानीच्या परिसरापुरताच.

आमची खरी तक्रार पुढील व्यवस्थेविषयीं आहे. २०१० च्या एप्रिलांत 'भारत टप्पा चार' तेरा शहरांस लागू झाला. त्यांत मुंबई, पुणें व सोलापूर होतीं. या शहरांस ५० भाग गंधकाचें डिझेल मिळे, तर इतरत्र ३५० भागांचें, दर दहा लक्ष भागांत. शिवाय आंतरराज्य व राष्ट्रीय परवान्याच्या मालमोटारींस त्या शहरांतही नव्या मर्यादेंतून सूट होती. म्हणजे मुंबई व पुणें या दोन संरक्षित शहरांच्या मधल्या रस्त्यावरून सवलतीच्या गाड्या सवलतीचा धूर सोडीत खुशाल धांवत, आणि पनवेल त्याच रस्त्यावर वसलेलें. देशभर एकच मर्यादा होण्यास २०१७ साल उजाडलें. सहावा टप्पा २०२० सालीं आला, तो सर्वत्र एकाच दिवशीं, आणि त्याबरोबर १० भाग गंधकाचें तेलही.

राज्याच्या हातीं आतां नोंदणी, धुराची तपासणी व कर एवढेंच आहे. त्यांतून महाराष्ट्रानें २०१० सालीं जुन्या गाड्यांवर पर्यावरण-कर बसविला. १९८१ च्या कायद्यांतील राज्यास अधिकार देणारें विसावें कलम मात्र कोणी खोडलें नाहीं. त्यांत उल्लेख आहे तो अद्यापि १९३९ च्याच मोटार-कायद्याचा.