आठवीचं पहिलं सत्र : दिवाळीपर्यंत कोणत्या विषयात काय शिकवतात, आणि घरच्यांनी काय विचारायचं

जूनच्या मध्याला शाळा भरते, विदर्भात उन्हामुळे ती जूनच्या शेवटी सुरू होते. तिथून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचा काळ म्हणजे पहिलं सत्र. सहावी ते आठवी या उच्च प्राथमिक वर्गांमध्ये आठवीचं वर्ष सगळ्यात अवघड जातं. बऱ्याच गावांत जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच असते. मग आठवीला दुसऱ्या गावचं हायस्कूल, नवे गुरुजी, नवी वाट. त्यातच सोयाबीन, मूग, उडीद काढायला येतात आणि पोरं घरी राहतात. नेमकं त्या दिवसांत वर्गात काय चाललेलं असतं, हे पालकांना माहीत असावं म्हणून विषयवार माहिती इथे दिली आहे. ही माहिती मराठी माध्यमाच्या, 2018 साली आलेल्या बालभारतीच्या पुस्तकांवर आधारित आहे. शाळेच्या नियोजनानुसार एखादा धडा मागे-पुढे होऊ शकतो.

गणित

पुस्तकात एकूण 17 प्रकरणं आहेत. पहिल्या सत्रात त्यातली 9 येतात : परिमेय व अपरिमेय संख्या, समांतर रेषा व छेदिका, घातांक व घनमूळ, त्रिकोणाचे शिरोलंब व मध्यगा, विस्तार सूत्रे, बैजिक राशींचे अवयव, चलन, चौकोन रचना व चौकोनाचे प्रकार, आणि सूट व कमिशन.

यातली विस्तार सूत्रे आणि अवयव ही दोन प्रकरणं कच्ची राहिली तर नववीचं बीजगणित डोक्यावरून जातं आणि दहावीची वर्गसमीकरणं सुटत नाहीत. विस्तार सूत्र शेताच्या तुकड्यावर समजतं. 30 मीटर बाजूचा चौरस तुकडा दोन बाजूंनी 2-2 मीटर वाढवला तर क्षेत्रफळ किती? जुना तुकडा 900, दोन पट्ट्या 60-60 म्हणजे 120, आणि कोपऱ्यातला लहान चौरस 4. बेरीज 1024 चौरस मीटर. 32 गुणिले 32 केलं तरी तेच उत्तर येतं. पोरगं हे जमिनीवर काडीने आखून दाखवू शकलं तर सूत्र समजलं असं धरायला हरकत नाही.

चलन म्हणजे एक गोष्ट बदलली की दुसरी कशी बदलते. मजूर वाढले की मजुरी वाढते, हे समचलन. मजूर वाढले की दिवस कमी होतात, हे व्यस्तचलन. 12 बायका 5 दिवसांत जेवढा कापूस वेचतात तेवढाच 10 बायकांना 6 दिवस लागेल. हा हिशोब घरात सगळ्यांनाच येतो. पोराला फक्त तो वहीत मांडायला सांगा. सूट व कमिशनचंही तसंच. 60,000 रुपयांची म्हैस दलालाने 2 टक्के दलालीवर विकून दिली, तर दलाली 1,200 आणि हातात 58,800. 1,500 रुपये छापील किमतीच्या फवारणी पंपावर 10 टक्के सूट मिळाली, तर द्यायचे 1,350.

विज्ञान

सामान्य विज्ञानात 19 धडे आहेत. दिवाळीपर्यंत साधारण निम्मे होतात. सुरुवात सजीवांच्या वर्गीकरणाने होते. त्यात व्हिटाकर या शास्त्रज्ञाने 1969 साली मांडलेली पंचसृष्टी पद्धत आहे. पुढे आरोग्य व रोग, बल व दाब, धाराविद्युत आणि चुंबकत्व, अणूचे अंतरंग, द्रव्याचे संघटन, धातू-अधातू, प्रदूषण आणि आपत्ती व्यवस्थापन.

आरोग्याच्या धड्यात क्षय, कावीळ, डेंग्यू, रेबीज, मधुमेह, कर्करोग यांची माहिती आहे. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, हे पोराने घरी येऊन सांगितलं पाहिजे आणि रांजण घासून कोरडा केला पाहिजे. बल व दाबाचं उदाहरण तर शेतातच आहे. बैलगाडीचं अरुंद चाक चिखलात रुततं आणि ट्रॅक्टरचं रुंद टायर कमी रुततं. क्षेत्रफळ वाढलं की दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब कमी होतो. विहिरीतली भरलेली बादली पाण्यात असेपर्यंत हलकी लागते आणि वर आली की जड होते, ते पाण्याच्या प्लावक बलामुळे. ट्रॅक्टरच्या बॅटरीत ॲसिड का असतं, तांब्याच्या हंड्यावर हिरवट थर का चढतो, याचीही उत्तरं याच सत्रात आहेत. विचारून बघा.

इतिहास व नागरिकशास्त्र

आठवीचा इतिहास आधुनिक भारताचा आहे. आधी इतिहासाची साधने, मग युरोप आणि भारत, ब्रिटिश सत्तेचे परिणाम, 1857 चा लढा, समाजसुधारणेची चळवळ आणि स्वातंत्र्य चळवळीची सुरुवात. ब्रिटिश सत्तेचे परिणाम हा धडा शेतकऱ्याच्या घरात वाचण्यासारखा आहे. इंग्रजांनी शेतसारा ठरलेल्या मुदतीत आणि रोख रकमेत मागायला सुरुवात केली. पीक बुडालं तरी सारा चुकत नव्हता, म्हणून शेतकरी सावकाराच्या दारात गेला आणि जमिनी गहाण पडल्या. पोराने फक्त सनावळी पाठ केली असेल तर त्याला विचारा, सारा रोखीत झाल्याने नेमकं काय बिघडलं? समाजसुधारणेच्या काळात महात्मा फुले आणि सावित्रीबाई येतात. 1848 साली पुण्यात मुलींची शाळा आणि 1873 साली सत्यशोधक समाज, ही सालं लक्षात ठेवावीत.

नागरिकशास्त्रात संसदीय शासन पद्धती, भारताची संसद आणि केंद्रीय कार्यकारी मंडळ. लोकसभेचे 543 खासदार आपण निवडतो. राज्यसभेत जास्तीत जास्त 250 सदस्य असू शकतात, त्यातले 12 राष्ट्रपती नेमतात.

भूगोल

स्थानिक वेळ व प्रमाण वेळ, पृथ्वीचे अंतरंग, आर्द्रता व ढग, सागरतळरचना, सागरी प्रवाह असे धडे क्रमाने येतात. एका रेखांशाला 4 मिनिटांचा फरक पडतो. मुंबई आणि गडचिरोलीत साधारण 7 अंशांचा फरक आहे, म्हणून गडचिरोलीत सूर्य जवळपास अर्धा तास आधी माथ्यावर येतो. घड्याळ मात्र देशभर एकच, कारण प्रमाण वेळ 82 अंश 30 मिनिटे पूर्व या रेखावृत्तावरून धरतात.

सहावा धडा भूमी उपयोजनाचा आहे. तो कुठे सत्राच्या शेवटी तर कुठे दिवाळीनंतर होतो. या धड्यात सातबारा उतारा आणि मिळकत पत्रिका कशी वाचायची ते दिलं आहे. त्या दिवशी घरचा सातबारा पोराच्या हातात द्या आणि गट नंबर, क्षेत्र, आकार, इतर हक्क हे रकाने त्याच्याकडून वाचून घ्या.

भाषा

मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तीन भाषा असतात. काही शाळांत आठवीपासून हिंदीसोबत संस्कृत संयुक्त घेता येतं. भाषेत धडा-कवितेपेक्षा उतारा वाचून अर्थ सांगणं, पत्र, निबंध आणि बातमी लिहिणं यात पोरं मागे पडतात. रोज अर्धं पान मराठी आणि पाच ओळी इंग्रजी मोठ्याने वाचून घ्यावी. घरच्यांना इंग्रजी येत नसलं तरी पोरगं कुठे अडखळतं ते कानाला कळतं. याशिवाय कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण हे विषय असतात.

परीक्षा आणि शिष्यवृत्ती

आठवीत प्रत्येक सत्रात 40 गुण आकारिक म्हणजे वर्षभरातल्या कामाचे, आणि 60 गुण संकलित म्हणजे लेखी परीक्षेचे. आठवीपर्यंत नापास करत नाहीत, हा समज आता सोडायला हवा. 2023-24 पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. प्रत्येक विषयात 35 टक्के लागतात. कमी पडले तर जादा मार्गदर्शन देऊन पुन्हा परीक्षा घेतात. त्यातही नापास झालं तर पोरगं आठवीतच राहतं. शाळेतून मात्र काढून टाकता येत नाही.

दुसरी महत्त्वाची परीक्षा एनएमएमएसची. ती साधारण डिसेंबरात होते आणि फॉर्म त्याआधी शाळेमार्फत ऑनलाइन भरतात. वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीला 55 टक्के (अनुसूचित जाती-जमातीसाठी 50 टक्के) असलेली, शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतली मुलं बसू शकतात. प्रत्येकी 90 प्रश्नांचे दोन पेपर असतात, एक बुद्धिमत्तेचा आणि एक शालेय विषयांचा. शालेय विषयांत विज्ञान 35, समाजशास्त्र 35 आणि गणित 20 प्रश्न. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवा.

सुगीतले बुडालेले दिवस

सोयाबीन काढणी सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरात येते. वर्गात तेव्हा गणिताचे अवयव, चलन, चौकोन रचना असे धडे चाललेले असतात. म्हणजे पंधरा दिवस बुडाले तर सत्रातला सगळ्यात जड भाग बुडतो. रोजच्या मजुरीत तेवढे पैसे वाचतात हे खरं, पण त्याची भरपाई पुढे शिकवणीच्या फीत होते.

घरी ठेवणं टळतच नसेल तर सलग दिवस न ठेवता आठवड्यात एखादाच दिवस ठेवा. कोणता धडा बुडाला ते त्याच संध्याकाळी वर्गातल्या दुसऱ्या मुलाकडून किंवा गुरुजींकडून लिहून घ्या. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत पीडीएफमध्ये मिळतात. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य फोनवर उघडतं. दुसऱ्या गावी शाळेला जाणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. तो अजून काढला नसेल तर शाळेतून बोनाफाईड दाखला घेऊन आगारात जा.