विज्ञान प्रदर्शन : रजिस्टरातलं आणि बाहेरचं

संपादक मंडळाने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचा इतिहास लिहायला सांगितला, तेव्हा मी आधी प्रयोगशाळेच्या कपाटातली जुनी रजिस्टरं मागून घेतली. पानापानावर चार रकाने आहेत : उपकरणाचं नाव, विद्यार्थ्यांची नावं, मार्गदर्शक शिक्षक आणि शेरा. शेऱ्याचा रकाना बहुतेक ठिकाणी कोराच.

मुलांनी स्वतः केलेले प्रयोग लोकांसमोर मांडायची प्रथा तशी जुनी. न्यूयॉर्कच्या अमेरिकन इन्स्टिट्यूटने १९२८ साली शाळकरी मुलांचा विज्ञान मेळावा भरवला होता. (त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला कलकत्त्यात रामन परिणामाचा शोध लागला, त्या तारखेला आपण १९८७ पासून विज्ञान दिन साजरा करतो.) आपल्याकडे एनसीईआरटीने १९७१ साली दिल्लीत पहिलं राष्ट्रीय प्रदर्शन घेतलं. पुढे शाळा, तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्या ठरून गेल्या.

आपल्या शाळेत ही पायरी म्हणजे तीन वर्ग, अठ्ठावीस बाकं आणि विजेचे मोजून चार पॉइंट. बाकं जोडून टेबलं व्हायची, त्यावर घरोघरच्या सोलापुरी चादरी. झेंडूची आणि मोराची नक्षी असलेल्या चादरींवर थर्मोकोलचं धरण, सौर चूल, पेरिस्कोप, विजेची घंटा. सूत्रसंचालन सर करायचे, बक्षीस समारंभ बाई बघायच्या; पण प्रदर्शन उभं करायचे ते प्रयोगशाळेचे मामा. कोणत्या टेबलाला किती वीज लागेल याचा कागद त्यांनी भिंतीला डकवलेला असायचा. दोन शेगड्या एका बोर्डावर लागल्या की फ्यूज उडायचा, म्हणून एक शेगडी सकाळी आणि दुसरी दुपारी. आज मी ऑफिसात सर्व्हरवर येणाऱ्या भाराचं नियोजन करते, ते याहून फार वेगळं नाही. रजिस्टरांत मामांचं नाव मात्र एकदाही नाही.

खरं लिहायचं आहे ते जानेवारी १९९४ च्या प्रदर्शनाबद्दल. आपण नववीत होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला होता. गणपती विसर्जनाची रात्र उलटत होती. आपल्याकडेही भांडी वाजली आणि लोक रस्त्यावर आले. त्या वर्षी प्रदर्शनात भूकंपाची चार उपकरणं आली. त्यातलं एक आम्हा तिघींचं, ‘भूकंपरोधक घर’.

फळीखाली गोट्या, फळीला सायकलचं पॅडल. दांडा फिरवला की फळी मागेपुढे हलायची. वर दोन घरं : एक दगडमातीचं, दुसरं तारेचे पट्टे आवळलेलं. पहिलं पडायचं, दुसरं उभं राहायचं. पडलेलं घर पुन्हा बांधायला अर्धा तास जायचा, म्हणून आम्ही माती गाळूनच टाकली. नुसती खडी रचायची, वर पुठ्ठ्याचं छप्पर. घर कोसळलं की पोरं टाळ्या वाजवायची.

दिवाळीनंतर आपल्या वर्गात एक मुलगी आली होती. उमरगा तालुक्यातल्या गावाहून, आत्याकडे राहायला. पहिल्या दिवशी ती आमच्या टेबलाशी बराच वेळ उभी होती. तीनदा घर पडलं, तीनदा टाळ्या झाल्या. मग ती मला म्हणाली, “माळवद असं नाही पडत. आमचे लाकडाचे खण तसेच उभे होते. भिंत उसवली. आतला थर आत आला, बाहेरचा बाहेर.”

आम्ही सरांना सांगितलं. त्यांनी मामांना थांबवून घेतलं आणि संध्याकाळी सात वाजेपर्यंत आम्ही चौघी चिखलात बसलो होतो. लाकडी पट्ट्यांचे खांब आणि तुळया, वर मातीचं जाड छप्पर, भिंत दोन पदरांची. दगड कसे बसवायचे ते तीच सांगत होती. दोन-तीन फूट जाड भिंतीत दोन्ही पदर धरून ठेवणारे आडवे दगडच नसतात, हे मला तेव्हा कळलं. पुढे किल्लारी भागातली उभी राहिलेली घरं मजबूत करताना भिंतीला आरपार भोकं पाडून काँक्रीटचे जोड भरत, असं इंजिनिअरिंगला असताना वाचलं तेव्हा तिचा हात डोळ्यांसमोर आला. हेही वाचलं की तो सगळा भाग तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो पट्टाच २००२ च्या नकाशातून काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी दांडा फिरवला. भिंती फुटल्या, धूळ उडाली, खण उभेच. टाळ्या नाहीत. परीक्षक म्हणाले, “छप्पर पडतच नाही, मग दाखवता काय?” ती म्हणाली, “माणसं भिंतीखाली सापडतात, सर.” त्यांनी पुन्हा एकदा दांडा फिरवायला सांगितला आणि वाकून बघत राहिले. नंबर ठिबक सिंचनाला मिळाला. त्यात गैर काही नव्हतं, ते उपकरण चांगलंच होतं.

गैर झालं ते नंतर. अक्षर बरं म्हणून रजिस्टर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी महिन्यापूर्वी भरलेल्या अर्जावरून नावं उतरवली. अर्जावर तीनच होती. चौथं लिहू नको असं मला कुणी म्हटलं नव्हतं. सुचलंच नाही, असं इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले. पण ते नाव लिहिलं तर उपकरण आमचं उरणार नाही, हेही तेव्हा मनात होतं.

या लेखासाठी मी तिला फोन केला. नाव छापायला ती नको म्हणाली. “खण उभे राहिले होते, तेवढं नीट लिही,” म्हणाली. मग विचारलं, “मामांनी त्या रात्री सगळ्यांना भजी आणली होती, ते आहे का तुझ्या लेखात?” मी साफ विसरले होते.

ते रजिस्टर मेळाव्याच्या दिवशी प्रयोगशाळेत ठेवणार आहोत. त्या प्रदर्शनाचे फोटो कुणाकडे असतील तर घेऊन या. मामांचा असेल तर जरूर.