नाळ उशिरा आवळणे

मूल जन्माला येताच नाळेला चिमटा न लावता निदान एक मिनिट, जमल्यास तीन मिनिटे थांबून मग ती आवळण्याची व कापण्याची पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये सर्व प्रसूतींसाठी हीच शिफारस केली. त्यामुळे ‘थांबावे का’ हा प्रश्न आता बहुतेक प्रसूतींपुरता मिटला आहे. ‘कधी थांबू नये’ एवढेच ठरवायचे उरते.

जन्माच्या क्षणी बाळ आणि वार यांच्यातील एकूण रक्तापैकी सुमारे एक तृतीयांश वारेतच असते. नाळेतील दोन धमन्या बाळाकडून वारेकडे रक्त नेतात, त्या लवकर आकसतात. वारेकडून बाळाकडे येणारी शीर मात्र काही वेळ उघडी राहते. पूर्ण दिवसांच्या बाळाला या वाटेने पहिल्या मिनिटात सुमारे 80 मिली, तर तीन मिनिटांत 100 मिलीपर्यंत रक्त मिळते. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त असते, हे ध्यानात घेतल्यास ही भर किती मोठी आहे ते कळते. फुफ्फुसांचेही याच्याशी नाते आहे. पोटात असताना फुफ्फुसांकडे फारच थोडे रक्त जाते. पहिल्या श्वासासरशी ते तिकडे धावते. श्वास सुरू होण्याआधीच नाळ आवळली, तर वारेकडून हृदयाला होणारा पुरवठा तुटतो आणि फुफ्फुसांकडून येणारा अजून सुरू झालेला नसतो.

थांबण्याचा विचार नवा नाही. चार्ल्स डार्विनचे आजोबा, वैद्य इरॅस्मस डार्विन यांनी नाळ घाईने बांधणे बाळाला अपायकारक असल्याचे ‘झूनोमिया’ या ग्रंथात नोंदवले होते. आपल्याकडे सुईणीही अनेक ठिकाणी वार पडेपर्यंत नाळ कापत नसत. तिथे घात करी ते अस्वच्छ पाते आणि त्यातून होणारा धनुर्वात. विसाव्या शतकात प्रसूती रुग्णालयात आल्या आणि आईचा रक्तस्राव रोखण्यासाठी इंजेक्शन, नाळ लगेच आवळणे आणि ती ओढून वार काढणे असे तिन्ही उपाय एकत्र रूढ झाले. पुढे दिसून आले की, रक्तस्राव आटोक्यात ठेवण्याचे मुख्य काम ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन करते. नाळ लगेच आवळून आईला काही मिळत नाही. हे इंजेक्शन ठरल्या वेळी देऊनही नाळेसाठी थांबता येते.

मुख्य लाभ लोहाचा. जादा रक्तातून बाळाला दर किलो वजनामागे 40 ते 50 मिलिग्रॅम लोह मिळते. आईच्या दुधात लोह थोडेच असल्याने पहिले सहा महिने बाळ जन्मतःच्या साठ्यावर निभावते. स्वीडनमध्ये 400 बाळांवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चौथ्या महिन्यात लोहाची कमतरता लगेच नाळ आवळलेल्या गटात 5.7 टक्के, तर तीन मिनिटे थांबलेल्या गटात 0.6 टक्के आढळली. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 68.9 टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात नाळ उशिरा आवळण्याचा समावेश आहे तो यामुळेच.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये प्रश्न जिवाचा आहे. 2023 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणानुसार थांबल्याने रुग्णालयातून घरी जाण्याआधी अशी बाळे दगावण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. थांबायला वेळ नसला, तर नाळ पिळून रक्त बाळाकडे ढकलण्याचा एक उपाय आहे. पण 28 आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांत तो करू नये. अशा बाळांच्या एका चाचणीत नाळ पिळलेल्या गटात मेंदूतील गंभीर रक्तस्राव 22 टक्के, तर थांबलेल्या गटात 6 टक्के आढळला आणि त्या वयोगटापुरती चाचणी थांबवावी लागली.

तोटा एकच नोंदवण्याजोगा: कावीळ. प्रकाशोपचार लागणाऱ्या पूर्ण दिवसांच्या बाळांचे प्रमाण थांबल्यावर किंचित वाढते. कावीळ तपासण्याची आणि उपचारांची सोय असली, तर एवढ्यासाठी थांबणे टाळण्याचे कारण नाही.

प्रत्यक्षात बाळ आईच्या पोटावर ठेवतात, कोरडे पुसतात आणि वरून कापड पांघरतात. परिचारिका दोन बोटांत नाळ धरून ठोके पाहते. फुगीर, निळसर नाळ हळूहळू पांढरी आणि लोळागोळा होते. मग दोन चिमटे लावून मधोमध कापतात. बाळ खाली धरले तरच रक्त उतरेल ही समजूत अर्जेंटिनातील 2014 च्या चाचणीनंतर टिकली नाही. सिझेरियनमध्येही थांबता येते. आईला एचआयव्ही असला, तरी शिफारस बदलत नाही.

आईला जोराचा रक्तस्राव होत असेल, वार आधीच सुटली असेल किंवा नाळ तुटली असेल, तर मात्र थांबू नये. बाळ पुसून, पाठ चोळूनही श्वास घेत नसेल, तर बहुतेक ठिकाणी नाळ कापून त्याला लगेच कृत्रिम श्वासाच्या टेबलावर नेतात. नाळ जोडलेली ठेवून श्वास देण्याची सोय मोजक्याच रुग्णालयांत आहे.

यातले काहीही कळा सुरू झाल्यावर बोलण्याचे नाही. नातेवाइकांनी नोंदणीच्या तपासणीतच डॉक्टरांना विचारावे. नाळेतील रक्त खासगी पेढीत साठवायचा बेत असेल, तर तेही तेव्हाच सांगावे, कारण थांबल्यास पिशवीत कमी रक्त जमते. तेवढ्यासाठी नाळ लवकर आवळू नये, असे अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचे मत आहे.