व्हान व्हियानेनचे सुरईपात्र आणि डच चित्रशाळा

सतराव्या शतकातील डच चित्रांत बायबलमधील राजे आणि पुरोहित यांच्या समोर मांडलेले जे चमत्कारिक घाटाचे चांदीचे पात्र वारंवार आढळते, ते चित्रकारांच्या कल्पनेतून उतरलेले नसून उट्रेख्ट येथील रौप्यकार आदाम व्हान व्हियानेन याने 1614 मध्ये प्रत्यक्ष घडवलेले आहे. प्राग येथे सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या पदरी असलेला त्याचा भाऊ पाउलुस निवर्तल्यावर, त्याच्या स्मरणार्थ ॲमस्टरडॅमच्या रौप्यकार संघाने, म्हणजे त्या व्यवसायाच्या अधिकृत मंडळाने, परगावच्या कारागिराकडून ते करवून घेतले, आणि त्या काळी हा मान विरळाच होता. कुठेही सांधा न देता चांदीचा एकच पत्रा ठोकून ठोकून त्याला हा आकार दिला असून, तळाशी बसलेले माकड वरचा भार पेलते आणि पृष्ठभाग लाटांसारखा, कानाच्या पाळीसारखा वळत जातो. या मांसल, प्रवाही अलंकरणालाच ‘ऑरिक्युलर’ म्हणजे कर्णाकृती शैली म्हणतात.

हे पात्र चित्रविषयाच्या तुलनेत अगदी नवे होते, तरी परिचित कोणत्याही काळाशी त्याचा घाट जुळत नसल्यामुळे प्राचीन वैभव सुचवण्यास ते सोयीचे ठरले, असे मानणे सयुक्तिक आहे. रेम्ब्रांटनेही 1656 मध्ये रौप्यकार यान लुटमा याचे व्यक्तिचित्र कोरताना हातोडी व ठशांशेजारी याच शैलीचे पसरट पात्र ठेवले. आदामचे मूळ पात्र आज ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे.