नागपुरातील काव्यसभा व संशोधकाची टिपणवही

ऐतिहासिक साधनांच्या शोधार्थ गावोगावचे माळे व पेटारे पाहणाऱ्या आमच्या वाचकांस शाहिरी बाडांचा परिचय नव्याने करून देण्याचे कारण नाही. ध्रुपद एकदा संपूर्ण लिहून पुढे प्रत्येक कडव्याच्या अखेरीस ‘ध्रु.’ एवढीच खूण केलेली असते, आणि आरंभी ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या पदाचे पहिले दोन शब्द दिलेले असतात. लिहिणारास तेवढे पुरे होते, कारण चाल त्याच्या कानांत होती. ते दुसरे पद आज विस्मृतीत गेले असल्यास ती खूण मुकी होते. अक्षरे लागतात, परंतु कवन ऐकू येत नाही. याकरिता काव्याच्या संग्राहकाने पेटाऱ्याप्रमाणेच काव्यसभेतही जाऊन बसले पाहिजे, असे आमचे मत आहे. व ते नागपूर आणि त्याच्या आसपासच्या प्रांतांतील उदाहरणांनी येथे मांडण्याचे योजिले आहे.

ही रीत विदर्भास नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महदाइसेने श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहाच्या लीळेप्रसंगी धवळे गाइले, असे महानुभाव परंपरा सांगते. आद्य मराठी कवयित्री म्हणून तिचे नाव आपणांस ठाऊक आहे. पण ती रचना कोणत्या प्रसंगी व कोणासमोर गाइली गेली हेही आपण जाणतो, ते त्या मंडळींत प्रसंग जतन करण्याची आस्था होती म्हणून. म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केले, ते श्रीचक्रधरांचा सहवास लाभलेल्या व्यक्तींस विचारून विचारूनच. पुढे धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली, तेव्हा अनुयायांनी ती स्मरणाने पुन्हा उभी केली आणि त्यातून निरनिराळे पाठ निर्माण झाले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये या ग्रंथाची संपादित आवृत्ती सिद्ध केली, तिच्यामागे श्रोत्यांच्या स्मरणाची ही सारी पूर्वपीठिका आहे. पोवाड्यांचेही असेच झाले. अॅकवर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये जो संग्रह छापला, त्याचा मोठा आधार गोंधळ्यांचे मुख हाच होता.

आता कलगी-तुऱ्याकडे पाहावे. तुरेवाले शिवाचा पक्ष घेतात व कलगीवाले शक्तीचा. एकाने भेदिक लावणीत कूट घालावे आणि दुसऱ्याने ते सोडवून उलट प्रश्न टाकावा, असा हा सामना रात्रभर चालतो. नागपूर व भंडारा या बाजूंस प्रसिद्ध असलेली खडी गंमत याच परंपरेशी जोडलेली आहे. आता असे पाहा की, सवाल एका फडाच्या बाडात राहतो आणि जबाब प्रतिपक्षाच्या. ज्या संग्राहकाच्या हाती एकच बाड आले, त्याच्याजवळ वादाची एकच बाजू आली. शिवाय नाच्याने दिलेले प्रत्युत्तर, शाहिराने समोरच्या गावकऱ्यांस उद्देशून ऐन वेळी घातलेली ओळ, हे दोन्ही कोणत्याच बाडात उतरत नाही. सवाल व जबाब एके ठिकाणी मिळतात ते फक्त त्या रात्री तेथे बसलेल्या श्रोत्यास.

शहरातील नागर काव्यसभांचीही स्थिती निराळी नाही. १९२३ या एकाच वर्षी पुण्यास रविकिरण मंडळ स्थापन झाले व विदर्भ साहित्य संघाचाही जन्म झाला. मंडळाच्या कवींनी काव्यगायनाची आवड महाराष्ट्रभर पसरविली, आणि त्याच मंडळातील ग. त्र्यं. माडखोलकर पुढे नागपूरचे संपादक म्हणून प्रसिद्धीस आले. गाण्याची ही लाट ओसरत असता कवी अनिल यांनी मुक्तछंद पुढे आणला; त्यांची ‘भग्नमूर्ती’ १९४० ची. मुक्तछंदास गळ्यापेक्षा वाचनातील आघात व विराम अधिक हवेत, आणि छापील ओळीची लांबी त्यांचा इशारा तेवढा देते. पुढे सुरेश भटांनी मराठी गझल सभेत नेली. मुशायऱ्याच्या रीतीने शेराची पहिली ओळ पुनःपुन्हा म्हटली जाते. श्रोता दुसऱ्या ओळीची वाट पाहतो, आणि काफिया येताच कित्येकदा सभाच तो कवीबरोबर उच्चारते. ‘एल्गार’च्या १९८३ च्या पुस्तकात ती ओळ एकदाच छापलेली आहे. कवी तरन्नुममध्ये गात होता की तहतमध्ये वाचत होता, हेही पृष्ठावरून कळत नाही. भट १४ मार्च २००३ रोजी नागपुरातच निवर्तले व आज रेशीमबागेतील सभागृहास त्यांचे नाव आहे; परंतु कोणत्या सभेत कोणता शेर किती वेळा परत मागितला गेला, हे ज्या श्रोत्यांस आठवते त्यांची संख्या दरवर्षी घटत आहे.

सर्वांत मोठी निकड दीक्षाभूमीच्या बाबतीत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर येथे जमणाऱ्या जनसमुदायाबरोबर भीमगीतांचीही मोठी परंपरा वाढली. तिच्या आधीची कडी किसन फागुजी बनसोडे (१८७९–१९४६) यांच्या पद्यरचनेत सापडते. गीतांच्या लहान लहान पुस्तिका विकल्या जातात. कित्येकींवर सनही नसतो, आणि हाताळून फाटल्यावर त्या टाकून दिल्या जातात. पेशवाईतील चिठ्ठीचपाटी जपणाऱ्या संग्राहकांनी या पुस्तिकांस गौण लेखावे, यास शास्त्रीय आधार कोणताच नाही.

यावर कोणी म्हणेल की, हल्ली प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे, मग टिपणाची आवश्यकता काय? यंत्र आवाज राखते, ही मोठीच सोय होय. तथापि स्थळ, तिथी व गाणाराचे नाव नसलेले मुद्रण आणि आद्यंत पाने हरवलेली बखर यांची योग्यता सारखीच. बखरीचा काळ निदान कागद व वळण यांवरून अजमावता येतो. मुद्रणास तोही आधार थोडा.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. काव्यसभेस जाणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने त्याच रात्री एक टिपण करावे. त्यात स्थळ, तिथी व निमित्त, कवींचा क्रम, गायन की वाचन, चाल कोणती व ती कोणाकडून आली, परत मागितलेल्या ओळी, आणि छापील अथवा लिखित पाठाहून पडलेला फरक, इतके असावे. गाणाराची अनुमती घ्यावी, त्याच्या बाडाची नक्कल करून मूळ त्याचे त्यास परत द्यावे, आणि जुन्या चालींची नावे त्याच्या मुखाने म्हणवून घ्यावी. ज्यांच्या संग्रही अशा चालींच्या खुणा असलेली बाडे आहेत, त्यांनी त्या खुणांची यादी घेऊन पुढच्या सभेस जावे. तेथे एखादा वृद्ध डफवाला त्यांतील चार चाली ओळखील, तर तेवढी चार कवने पुन्हा ऐकू येऊ लागतील.