नालबंदाची नजर

घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले? या जुन्या कोड्याचे उत्तर आपल्या घरांतील लहान मुलालाही ठाऊक आहे : न फिरवल्यामुळे. पण घोडा अडण्याचे आणखी एक कारण असते आणि ते त्याच्या खुराखाली सापडते. 1737 साली बाजीराव दिल्लीच्या वेशीवर धडकले, 1758 साली मराठी घोडी अटकेपर्यंत पोहोचली, हे आपण अभिमानाने सांगतो. इतकी मजल मारताना ती घोडी कोणाच्या हातामुळे चालती राहिली, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. तो हात नालबंदाचा होता.

शिवकालीन राज्यव्यवस्थेला त्याचे मोल पुरते ठाऊक होते. सभासद बखरीत पागेची रचना दिली आहे. तीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला दिसतो. घोड्याला पाणी आणि घोड्याचा पाय, या दोन गोष्टी हवालदाराच्या मर्जीवर सोडलेल्या नव्हत्या. बारगिराचा घोडा सरकारी, म्हणून त्याची सोय सरकारी पागेत होई. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा घेऊन येई. त्याला मोहिमेवर निघण्याआधी जी आगाऊ रक्कम मिळे, तिला नावच पडले 'नालबंदी'. ती इतर तयारीसाठीही खर्च होई, पण नाव मिळाले ते नालेवरून. मोहिमेची पहिली गरज काय, हे त्या एका शब्दात सांगितले आहे.

मोगलांकडेही हा खर्च हिशेबात धरलेला असे. 'आईन-इ-अकबरी'प्रमाणे घोड्याचे नाल वर्षातून दोनदा बदलत आणि पूर्ण संचाला पूर्वी आठ दाम मिळत, ते पुढे दहा झाले. चाळीस दामांचा रुपया धरला तर ही झाली एक पावली.

पण पावलीत मिळे ते लोखंड. खरी विद्या होती खूर तासण्यात. घोड्याचा खूर आपल्या नखासारखा सतत वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटीमीटरच्या आत-बाहेर. मोकळे जनावर चालता चालता तो झिजवते. नाल ठोकला की झीज थांबते, वाढ थांबत नाही. खुराचे टोक पुढे लांबत जाते आणि टाच खाली दबते. मग पाऊल उचलायला उशीर होतो, पायामागच्या कंडरेवर ताण येतो आणि घोडा ठेचाळू लागतो. म्हणजे पाय राखणारा नालच वेळेवर काढला नाही, तर पाय बिघडवतो. आजही सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर तासावा असे सांगतात, ते याचसाठी.

जाणता नालबंद घोडा आला की लगेच हातोडा उचलत नाही. तो आधी घोडा सपाट, कठीण जमिनीवर समोरून, मागून आणि बाजूने चालवून बघतो. खुराच्या दोन्ही बाजू एकदम टेकतात की एक आधी टेकते? खुराची पुढची रेघ आणि तिच्या वरच्या तिरप्या हाडाची रेघ एका ओळीत आहे की मध्येच मोडते? मग तो काढलेला जुना नाल हातात घेतो. ज्या बाजूला तो जास्त झिजला, तिथे भार जास्त पडत होता. घोडा बोलत नाही, पण त्याचा जुना नाल बोलतो.

त्यानंतर तासणी, आणि शेवटी नालाची निवड. टोक लांबले असेल तर पुढून गोलावलेला नाल, म्हणजे पाऊल सहज सुटते. टाच दुबळी असेल तर मागून जोडलेला, बंद नाल, म्हणजे आधार वाढतो. नाल खुराप्रमाणे वाकवायचा असतो, नालाप्रमाणे खूर कापायचा नसतो. खिळे खुराच्या निर्जीव कडेतूनच गेले पाहिजेत, आणि तेही बहुतेक पुढच्या भागात, कारण पाऊल टेकताना टाच थोडी फाकते. खिळा सुताइतका आत गेला तरी घोडा लंगडतो. शिवाय वर्षांचा बाक एका बैठकीत सरळ करायचा नसतो. सांधे त्या बाकाला सरावलेले असतात. म्हणून दर खेपेला थोडी थोडी दुरुस्ती करायची.

भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी घोडी काटक म्हणून नावाजलेली होती. पण दख्खनचा खडक आणि घाटवाटा काटक खुरालाही सोडत नाहीत. तिथे ही नजरच कामी येई.

1886 साली मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आणि घोड्याच्या पायाचे शास्त्र वर्गात शिकवले जाऊ लागले. नालबंदाची विद्या मात्र बापाकडून मुलाकडे, तोंडी आणि हातोहात चालत राहिली. पुढे मोटारी आल्या, पागा ओस पडल्या, टांगे गेले, आणि शिकायला मुलगाच उरला नाही. आपल्या घरांत सरदारांच्या वंशावळी आहेत, सनदा आहेत, तलवारी आहेत. ज्याच्यावाचून ती पागा हलली नसती, त्या नालबंदाचे नाव त्या कागदांत शोधावे लागते.

तरी परंपरा अगदी संपलेली नाही. आपल्या बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी माउलींच्या पालखी सोहळ्यासाठी पायी आळंदीला जातात, आणि तेथून वारीबरोबर पंढरपूरला. या सोहळ्याला आजचे रूप देणारे हैबतबाबा आरफळकर ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी होते. घोडदळाच्या काळाशी आपले नाते असे आजही चालते आहे. रिंगणात तो अश्व वाऱ्यासारखा धावतो तेव्हा हजारो हात त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात. त्या टापा नीट पडाव्यात म्हणून कोणीतरी आधी वाकून, खूर मांडीवर घेऊन बसलेला असतो.

आपल्या गावात मिरवणुकीला किंवा वरातीला घोडा येतो, तेव्हा त्याच्या झुलीआधी त्याच्या पायांकडे पाहावे. तो एक पाय राखून उभा असेल, तर मालकाला सांगावे. आणि परिसरात कोणी जुना नालबंद अजून असेल, तर त्याच्याशी बोलून त्याची विद्या लिहून ठेवावी. आपल्या इतिहासाचे हे पान अजून कोरे आहे.